डॉक्टरबाईंनी दोनदा विचारलं होतं

रक्ताच्या आजारातून उठलात तर त्याबद्दल लिहा, पुढच्या पेशंटना धीर येतो, असं आमच्या डॉक्टरबाई मला कितीतरी वेळा म्हणाल्या. मी दर वेळी हो म्हणायचो आणि विषय बदलायचो. धीर देण्याजोगं थोडंफार माझ्याकडे होतं. पण ते लिहायला बसलो असतो, तर त्याला चिकटलेलं दुसरंही लिहावं लागलं असतं, आणि ते मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. आता सांगून झालंय, म्हणून लिहितो.

माझं वय पंचेचाळीस. आजारी पडलो तेव्हा चौतिशीत होतो, लग्न झालेलं नव्हतं. डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला, माझा मोठा भाऊ, वहिनी, त्यांची मुलगी शुभा आणि मी, असे चौघं दोन खोल्यांत राहायचो. दादा कल्याणला पोस्टात. मी एमआयडीसीत, रंगांची केमिकल्स बनवणाऱ्या एका कंपनीत स्टोअरला. ती कंपनी आता राहिलेली नाही.

पायावरचे ठिपके

सुरुवात दातांपासून झाली. सकाळी ब्रश केला की थुंकीत रक्त. वहिनी म्हणाली, "भाऊजी, मिठाच्या पाण्याने गुळण्या करा. आणि ती पेस्ट बदला, जाहिरात बघून आणता काहीही." पेस्ट बदलली. मग नडगीवर निळे डाग उठायला लागले, कुठे आपटल्याशिवायच. आजूबाजूला लाल ठिपके, मोहरीहून बारीक. स्टेशनचा पूल चढताना मी मध्येच थांबायचो आणि खाली कुणाला तरी शोधत असल्यासारखं बघत राहायचो. खरं म्हणजे दम पुरायचा नाही.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. लॅबवाल्याने दुसऱ्या दिवशी परत बोलावून परत सुई टोचली. "माझीच मोजण्यात काहीतरी गडबड झालेली दिसते," म्हणाला. गडबड नव्हती. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, घडी घातली, पुन्हा उघडला, आणि दादाला बाहेर घेऊन गेले. मी आत बसून त्यांच्या टेबलावरची औषधकंपनीची पेनं बघत होतो. बाहेरून दादाचा आवाज आला, "म्हणजे कॅन्सर का?" डॉक्टर म्हणाले, "ते मी नाही सांगू शकत. मुंबईला न्या. उद्या वगैरे नको, आजच न्या."

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात कमरेच्या हाडात सुई घालून आतला मगज काढला. भूल देतात, पण ती वरच्या कातडीपुरती. मगज ओढताना दाताच्या मुळातून कळ यावी तशी कळ येते, फक्त ती अख्ख्या पायातून जाते. ज्यांना ही तपासणी करायची आहे त्यांना एवढंच सांगतो, की ती थोडक्यात आटपते. ओरडलात तरी कुणी नावं ठेवत नाही. मी ओरडलो.

रिपोर्ट घेऊन डॉक्टरबाई आल्या. ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या. आडपडदा ठेवला नाही. "हाडाच्या आतल्या मगजात रक्त तयार होतं. लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त थांबवणाऱ्या, सगळ्या तिथेच. तुमचा मगज जवळजवळ रिकामा आहे. कॅन्सर नाही हा. पण हलकं दुखणंही नाही."

"बरा होतो का?" दादाने विचारलं.

"काही जण होतात." मग माझ्याकडे वळून, "काम काय करता?"

"केमिकल कंपनीत. स्टोअरला."

"हाताळायला लागतं का काही?"

"नाही. कागदपत्रांचंच काम."

वहिनी उशाशी उभी होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि डब्याचं झाकण उगाचच घट्ट करायला लागली. हे पहिल्यांदा विचारलं ते.

कागदपत्रांचं काम

आमच्या स्टोअरला बेंझीनची पिंपं यायची. पाण्यासारखं स्वच्छ, किंचित गोडसर वासाचं. प्लँटला ते बादलीने मोजून द्यायचं. पंप होता, पण तो कायम दुरुस्तीला. मग आम्ही रबरी नळी पिंपात सोडून तोंडाने ओढायचो. धार लागली की नळी बादलीत. कधी एखादा घोट तोंडात यायचा. थुंकायचं, चूळ भरायची, वर चहा मारायचा. सगळेच करायचे. हाताला लागलेला रंग निघायचा नाही, तर त्याच बादलीत हात बुचकळायचे. एकदम गोरे हात.

आता घरचं. वहिनीच्या बहिणीच्या लग्नात वहिनीच्या शालूवर तेल सांडलं. रेशमाला पाणी लावता येत नाही आणि दुकानात पेट्रोल वॉशला दिलं तर आठवडा लागतो. मी डब्याच्या पिशवीतून पाण्याच्या बाटलीत बेंझीन आणलं. डाग असा गेला, की कुठे होता ते सापडेना. जरीचे काठ नव्यासारखे चमकायला लागले. लग्नात बायका विचारायला लागल्या, "अगं, कुठे दिलीस धुवायला?" वहिनी हसून म्हणाली, "घरीच."

तिथून ते सुरू झालं. लग्नसराईत आमच्या दोन खोल्यांत पैठण्या, शालू, नारायणपेठा यांचे गठ्ठे असायचे. वहिनी मोरीत टब घेऊन बसायची, बेंझीनमध्ये साडी बुडवायची, हाताने हलकी हलकी चुबकायची. शुभा शेजारी पाटावर बसून पाढे म्हणायची. बिल्डिंगमधल्या आणखी दोघी-तिघी वहिनीकडून शिकल्या. तिला त्याचा अभिमान होता. शाळा अर्ध्यात सुटलेली बाई ती, पहिल्यांदाच कुणीतरी तिच्याकडे काही शिकायला येत होतं.

माल मी आणायचो, चोरून. कंपनीच्या गेटवर नुकतंच एकाला असंच पकडून घरी बसवलेलं. वास बाहेर गेला, बिल्डिंगमधल्या आमच्याच कंपनीच्या माणसाने ओळखला, तर? म्हणून मोरीची खिडकी मी बंद ठेवायला लावली. वहिनी म्हणायची, "अहो, डोकं जड होतं हो." मी म्हणायचो, "मग मध्ये मध्ये बाहेर येऊन बस." स्टोव्ह विझवलाय ना, एवढं मात्र मी दर वेळी बघायचो. आगीची मला भीती होती. माझी अक्कल तिथवरच पोचत होती.

वॉर्ड

हॉस्पिटलमधला दिवस थर्मामीटरने सुरू व्हायचा. आमच्या वॉर्डात सगळे त्या काचेच्या कांडीला टरकायचे. ताप नसला तर तो दिवस आपला. ताप आला की सलाइन, इंजेक्शनं, रक्त काढणं, नातेवाइकांना लांब उभं करणं.

माझा पहिला ताप आला तेव्हा थंडीने कॉट हलत होती. डॉक्टरबाई आमच्या एमआयडीसीच्या भाषेत समजावून सांगायच्या, पेशंटला ज्यातलं कळतं त्यातून सांगायची त्यांची पद्धत. "तुमच्याकडे भोंगा होतो ना? तसंच आहे. जंतू आत शिरला की अंगातल्या पहारेकऱ्यांना तो ओळखू येतो. ते भोंगा वाजवतात. तो मगजापर्यंत पोचतो, आणि मगज बाकीची कामं बाजूला ठेवून पांढऱ्या पेशी भराभर बनवून पाठवतो. तुमचा भोंगा वाजतोय, हा ताप तोच आहे. पण कामावर यायला आत कुणीच नाही."

त्या गेल्यावर वहिनी म्हणाली, "रक्तपण अगदी तुमच्या वळणावर गेलंय, भाऊजी. दहा हाका मारल्याशिवाय उठतच नाही." मला हसू आलं आणि हिरड्यांतून रक्त आलं. तिने ते आपल्या पदराला पुसलं.

दादाचा आणि माझा रक्तगट एकच निघाला. तो रक्त द्यायचा, त्याच्या ऑफिसातले लोक रांगेने येऊन द्यायचे. बाटली चढायला लागली की आधी कान गरम व्हायचे, मग बोटांची टोकं. शेजारच्या कॉटवर भिवंडीचे एक चाचा होते, मागावर काम केलेले, आजार माझाच. ते ओरडून विचारायचे, "क्यों पोस्टवाले के भाई, आज कौन सी डाक आई? मनीऑर्डर है कि बैरंग चिट्ठी?" अख्खा वॉर्ड हसायचा. एका सकाळी मी तपासणीहून परत आलो तर त्यांची गादी गुंडाळून ठेवलेली होती. आयाबाई फरशी पुसत होत्या. त्यांनी माझ्या आणि त्या कॉटच्या मधला पडदा ओढला. त्या दिवसात माझ्यावर कुणी केलेली सगळ्यात मोठी दया कोणती, असं विचारलंत तर तो पडदा.

दुसऱ्यांदा

एका दुपारी डॉक्टरबाई एकट्याच आल्या. बरोबर शिकाऊ डॉक्टरांचा घोळका नव्हता. स्टूल ओढून बसल्या.

"मला तुमचं एक कोडं सुटत नाहीये," म्हणाल्या. "बेंझीन, थिनर, असलं काही? कंपनीत किंवा घरात? नीट आठवून सांगा. कंपनीला कळवण्यासाठी विचारत नाहीये मी. ह्या वस्तू मगज मारतात. घरात तसलं काही असेल तर तुमच्या घरच्यांनी त्याचा वास घेणं आज बंद व्हायला पाहिजे, म्हणून विचारतेय."

इतकं स्पष्ट. ह्याहून स्पष्ट कुणी कसं विचारणार?

आमच्या मोरीत, पाण्याच्या पिंपाच्या मागे, तेव्हा दोन कॅन भरलेले होते. लग्नसराईसाठी मीच आणून ठेवलेले. वहिनी पाण्याचा जग भरून आणायला गेली होती. माझ्या डाव्या हातात दादाचं रक्त चढत होतं.

मी म्हणालो, "नाही मॅडम. तसलं काही नाही."

नोकरी जाईल ही भीती होतीच. पण कारण म्हणून नुसतं तेच पुढे केलं तर ती पुन्हा थाप होईल. ज्याचं रक्त अंगात घेतोय त्याच्याच घरात मी हे आणून ठेवलं, त्याच्या बायकोला त्यात हात घालायला लावलं, त्याच्या पोरीला शेजारी बसवलं, हे दादाला कळेल, आणि मग तो बाटली अर्ध्यावर काढून घेईल, असं मला वाटलं. दादा असं करणारा माणूस नाही. पण तेव्हा मला मरायचं नव्हतं, आणि मरणाला भ्यालेला माणूस दुसऱ्याबद्दल काहीही विचार करू शकतो.

वहिनीला एकटीला गाठून सांगू, असं मी मनाशी ठरवलं. ती जग घेऊन आली. पाणी ओतता ओतता म्हणाली, "ऐकलंत का, तिसऱ्या मजल्यावरच्या पोरीचं लग्न ठरलं. वऱ्हाडाच्या सगळ्या साड्या माझ्याकडे. तुम्ही ठेवलेलं सगळं कामाला येणार बघा."

मी म्हणालो, "खिडकी उघडी ठेव, वहिनी."

"अहो, बंद ठेव म्हणून तुम्हीच मागे लागला होतात."

"आता उघडी ठेव."

"बरं," म्हणाली, आणि मोसंबी सोलायला बसली.

एवढंच बोललो. तिने ती उघडी ठेवली की नाही, मला माहीत नाही.

उठलो

बरं होणं कुठल्या एका दिवशी होत नाही. गोळ्यांनी माझं तोंड सुजून भोपळ्यासारखं झालं, छातीवर केस वाढले, स्वभाव चिडका झाला. दादाशी औषधाच्या वेळेवरून, वहिनीशी भातावरून भांडायचो. तीही एकदा चिडून म्हणाली, "मेल्या माणसाची सेवा परवडली, तो निदान मीठ कमी म्हणत नाही." मग स्वतःच घाबरून तोंडावर हात ठेवला. मला त्या बोलण्याचा राग आला नाही. खरी होती ती.

कधीतरी दोन बाटल्यांमधलं अंतर वाढायला लागलं. मग बाटल्या थांबल्या. डॉक्टरबाईंनी सुईचा रिपोर्ट हलवत हलवतच वॉर्डात येऊन सांगितलं, मगज जागा होतोय. का झाला ते सांगता येणार नाही, म्हणाल्या. मला मात्र वाटत होतं, की नळी ओढायची थांबली हे त्यातलं एक कारण असणार.

कंपनीने मला टेबलाचं काम दिलं. आता खरोखरच कागदपत्रं. घरी वहिनीला सांगितलं, "गेटवर फार कडक झालंय, मला आता जमणार नाही." पुन्हा खोटंच. ती म्हणाली, "असू दे हो, पाटकरकाकूंचे मिस्टर त्यांच्या कंपनीतून आणतात, ते देतील." पाटकरकाकू म्हणजे वरच्या मजल्यावरच्या, वहिनीकडूनच हे काम शिकलेल्या. मी मान हलवली आणि पेपर उघडला.

टायफॉइड

पुढच्या पावसाळ्यात आमच्या बिल्डिंगच्या टाकीत गढूळ पाणी आलं. घरोघरी टायफॉइड. शुभाला झाला, ती उठली. मग वहिनी पडली. सुरुवातीला सगळ्यांसारखंच होतं, ताप, डोकेदुखी, जिभेला चव नाही.

एका सकाळी तिने मला चहाचा कप दिला. ताप असूनही दिला. बाही वर सरकली होती आणि दंडाच्या आतल्या बाजूला लाल ठिपके होते. मोहरीहून बारीक.

"हे काय?"

"डास चावले असतील. कोपरचे डास ते, कुणाला सोडतायत."

डास नव्हते. ते ठिपके माझ्याइतके ओळखणारं त्या घरात दुसरं कुणी नव्हतं. त्याच क्षणी तिला उचलून मुंबईला न्यायला हवं होतं. पण तिकडे नेलं तर डॉक्टरबाई तिसऱ्यांदा विचारणार, आणि ह्या वेळी वहिनीलाच विचारणार. ती सरळ सांगून टाकणार, तिला त्यात लपवण्यासारखं काय होतं? मी स्वतःला समजावलं, की टायफॉइडमध्येही असे ठिपके येतात. येतातही, असं कुणाकडून तरी ऐकलेलं. त्यावर मी ते दिवस काढले.

आमच्या डॉक्टरांनी त्या काळी टायफॉइडला सर्रास देत तेच औषध दिलं. त्यांची काही चूक नाही. त्या औषधाने कधी कधी मगज दबतो, आणि आधीच दुखावलेल्या मगजाच्या माणसाला ते देत नाहीत, हे मला पुष्कळ नंतर कळलं. मगज दुखावलाय हे त्यांना सांगणार कोण? सांगणारा आतल्या खोलीत पेपर वाचत होता.

नाकातून रक्त सुरू झालं आणि थांबेना, तेव्हा दादाने टॅक्सी केली. डोंबिवलीतल्याच हॉस्पिटलात नेलं, त्याच्या दुसऱ्या दुपारी ती गेली. वय छत्तीस.

सगळे म्हणाले टायफॉइडने गेली. तेराव्याला पंगत उठल्यावर दादा भिंतीला टेकून बसला होता. म्हणाला, "तुझ्या त्या वॉर्डातूनच काहीतरी घेऊन आली असणार रे ती. दमली पण होती. रोज डबा घेऊन मीच पाठवायचो." मी समोर बसलेलो. त्याला तिथेच खरं सांगता आलं असतं. मी म्हणालो, "असं नको मनात आणूस, दादा." आणि हे बोलल्यावर लोक मला समजूतदार म्हणाले.

थोड्याच दिवसांत मी ठाकुर्लीला खोली घेऊन वेगळा झालो. कामाला जवळ पडतं, असं सांगितलं. पुढे दादाही शुभाला घेऊन कल्याणला पोस्टाजवळ राहायला गेला, कोपरची जागा बंदच राहिली.

ठाण्याचा दवाखाना

गेल्या वर्षी शुभाला ताप आला. कॉलेजात जायला लागली होती. दादाने मला रिपोर्ट दाखवायला आणला, कारण रक्ताचे रिपोर्ट वाचता येणारा घरात मीच. पांढऱ्या पेशी खूप उतरलेल्या. बाकीच्याही कमी. दादा म्हणाला, "अरे, डॉक्टर व्हायरल म्हणतायत." मी म्हटलं, "ठाण्याला चल. आत्ताच्या आत्ता."

डॉक्टरबाई हॉस्पिटलमधून निवृत्त होऊन ठाण्याला बसत होत्या. केस पांढरे, आवाज तोच. शुभाला तपासलं, जीभ बघितली, दंड बघितले. मग लिहायला घेतलं. "घरात कुणाला रक्ताचा आजार?"

"हा काय, मीच," म्हटलं. "आणि हिच्या आईला."

दादा माझ्याकडे वळला. "तिला टायफॉइड होता."

मग मी सांगितलं. कसं सुरू केलं आठवत नाही. बेंझीन, बाटली, मोरी, बंद खिडकी, ही शेजारी पाटावर बसायची ते, दंडावरचे ठिपके, टायफॉइडला दिलेलं औषध. शेवटी म्हणालो, "तुम्ही दोनदा विचारलं होतंत, मॅडम. मी दोन्ही वेळा खोटं बोललो."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. मग आधी शुभाला म्हणाल्या, "तू घाबरू नकोस. तुझं मला वेगळं वाटतंय." आणि शांतपणे सांगत गेल्या. जंतूंच्या अंगावरची ठरावीक खूण ओळखणारी कुलपं आपल्या पेशींवर जन्मापासूनच असतात, शिकवावी लागत नाहीत, असं आता कळायला लागलंय. खूण कुलपात बसली की भोंगा. त्या भोंग्यावर रक्ताचं सगळं कामकाज बदलतं. काही पेशी लढायला धावतात, काही लपून बसतात, मोजायला गेलं तर आकडा पडलेला दिसतो. धडधाकट मगज मागून भरून काढतो. "मला तर वाटतं, मगजातल्या अगदी मूळ पेशींनाही हा भोंगा थेट ऐकू येत असावा. अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. पण इतकी वर्षं पेशंट बघून वाटतं."

"आणि हिची आई?" दादाने विचारलं.

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "मी त्यांना तपासलेलं नाही, त्यामुळे खात्रीने बोलणार नाही. पण मगज आधीच मेलेला असेल आणि टायफॉइडचा भोंगा सारखा वाजत राहिला, तर जे थोडे मूळ कामगार उरलेत तेही राबून संपतात. वर ते औषध. आधी कळलं असतं तर मी दुसरं दिलं असतं. वाचल्याच असत्या असं नाही म्हणत. संधी मिळाली असती."

शुभाचं रक्त काही दिवसांत आपोआप वर आलं. साधा व्हायरल ताप होता. तिच्यासाठी म्हणून मी जे बोललो त्याची तिला गरज नव्हती.

त्या दिवशी दवाखान्यातून निघालो आणि तलावपाळीवर दादा कठड्यावर बसला. शुभा थोडी लांब, शहाळेवाल्याच्या बाकड्यावर. दादाने विचारलं, "तिला माहीत होतं, की ते वाईट असतं?"

"नाही."

"तुला?"

"डॉक्टरबाईंनी दुसऱ्यांदा विचारल्यापासून."

"ठिपके दिसले होते तुला."

"हो."

तो पाण्याकडे बघत होता. "दर वर्षी तिच्या श्राद्धाला मी हात जोडून तिला म्हणतो, मी तुला हॉस्पिटलात पाठवायला नको होतं," म्हणाला. "दर वर्षी. तू पंगतीत असायचास रे." मग उठला. शुभाला घेऊन रिक्षात बसला. मला ये म्हणाला नाही.

ज्यांना हे कामाला येईल त्यांच्यासाठी

सुईला घाबरू नका. तापाला घाबरा, आणि तो आला तर लपवू नका. रक्त देणाऱ्या माणसाशी चिडून बोललात तर नंतर लाज वाटते, तेव्हा जमलं तर सांभाळा. आणि काय हाताळता, काय हुंगता, घरात काय आणून ठेवलंय, असं डॉक्टरांनी विचारलं तर ते तुमच्या एकट्याबद्दल विचारत नसतात. नोकरी जाऊ दे. माझी गेली असती, तर मी दुसरीकडे कुठेतरी चिकटलो असतो.

पाटकरकाकू

त्यानंतर दादा बरेच दिवस आला नाही. मीही गेलो नाही. मग एका रविवारी सकाळी तो ठाकुर्लीला माझ्या दारात उभा राहिला. आत आला नाही.

"शर्ट घाल," म्हणाला.

"कुठे जायचंय?"

"पाटकरकाकू अजून साड्या धुतात. तळमजल्यावरची नवीन सून पण त्यांच्याकडे शिकायला लागलीय."

कोपरपर्यंत आम्ही एका रिक्षात होतो. जुन्या बिल्डिंगचा जिना चढताना तो पुढे, मी मागे. आमच्या बंद दारावरून गेलो. वरच्या मजल्यावर येताच तो गोडसर वास आला.

पाटकरकाकूंनी दार उघडलं. हात कोपरापर्यंत ओले, गोरेपान. "अगं बाई, तुम्ही! आणि भाऊजी पण? किती वर्षांनी! या ना, बसा. पसारा आहे हो, लग्नाचे दिवस."

दादा उंबऱ्याबाहेरच थांबला. "काकू, तुम्ही ज्यात साड्या धुता ना, ते आजपासून बंद करा. ते विष आहे. आमची ही त्याने गेली."

"काहीतरीच काय! तिला टायफॉइड झालेला."

"टायफॉइडही होता. पण रक्त आधीच मेलं होतं, त्याच्यामुळे. डॉक्टरांनी सांगितलंय."

पाटकरकाकूंनी ओले हात बघितले, मग ते अंगापासून लांब धरले, कुठे ठेवावेत ते कळत नसल्यासारखे. मागे मोरीच्या दारात ती नवीन सून उभी होती, हातात अर्धी भिजलेली पैठणी. "अहो, पण हे मला तिनेच शिकवलं," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "तिला कुठून मिळालं हे? पहिल्यांदा घरात आणलं कुणी?"

मला वाटलं दादा सांगेल. त्याने सांगितलं नाही. तो बाजूला झाला, दारासमोर मला जागा करून दिली, आणि थांबला.

"मी आणलं, काकू," मी म्हणालो.